खिचडीनंतर मुलांना उलट्या: शाळेतल्या विषबाधेचा तपास कसा करावा

शाळेत जेवणानंतर दहा-पंधरा मुलं उलट्या करू लागली की गाव धावून येतं. मुलं मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात जातात, आणि ते योग्यच आहे. त्याच वेळी मागे कोणीतरी भीतीपोटी पातेलं घासून पालथं घालतं, उरलेली खिचडी खड्ड्यात जाते, ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) ओततो. तासाभरात अर्धा पुरावा गेलेला असतो. मग प्रयोगशाळेचा अहवाल 'काही आढळले नाही' असा येतो आणि प्रकरण मिटतं.

असा तपास प्रयोगशाळेपेक्षा घड्याळावर जास्त चालतो. कोण किती वाजता जेवलं, कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला आणि न खाणाऱ्यांचं काय झालं, हे नीट लिहून घेतलं तर अहवाल यायच्या आधीच संशय दोन-तीन कारणांवर येऊन ठेपतो.

पहिले दोन तास

उपचार आधी. १०८ ला फोन करताना 'विषबाधा' एवढंच न सांगता मुलांची संख्या आणि लक्षणं सांगा. शुद्धीवर असलेल्या आणि पाणी पोटात ठरणाऱ्या मुलांना ओआरएस घोटघोट द्या. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. कीटकनाशक किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर त्यातून फुफ्फुसाला इजा होते.

तपासाचा माणूस डॉक्टर असो वा नसो, प्रत्येक मुलाच्या डोळ्यांकडे आणि तोंडाकडे बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, तोंडातून लाळ, अंगाला घाम, स्नायू फडफडणं, श्वास घेताना घरघर: हे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचं चित्र आहे. अशा वेळी तपास, नोंदी, सगळं बाजूला ठेवून ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) असलेल्या रुग्णालयात न्यायचं. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली, ती मोनोक्रोटोफॉसमुळे. नासलेल्या अन्नातून इतक्या वेगाने इतके मृत्यू होत नाहीत. उलट बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, चेहरा लाल आणि मूल असंबद्ध बडबडत असेल तर धोतऱ्याचा संशय घ्या.

शाळेत एका माणसाने स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवायची. पातेली, डाव, ताटं, कचऱ्याची बादली, तेलाचा डबा, पिण्याची टाकी यांतलं काहीही धुवायचं किंवा हलवायचं नाही. टीसीएलही पाण्याचा नमुना घेतल्यानंतरच टाकायचं. तोवर ते पाणी पिणं बंद. केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येत असतील तर त्याच गाडीने कुठल्या शाळांना अन्न गेलं ते लगेच विचारा आणि तिथलं वाढप थांबवा.

कळवायचं कोणाला: प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि अन्न व औषध प्रशासन. विषाचा संशय असेल किंवा मूल गंभीर असेल तर पोलीसही. आरोग्य विभागाची नोंद आयएचआयपी या साथींची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर त्याच दिवशी झाली पाहिजे.

पालीचं काय करायचं

महाराष्ट्रात अशा निम्म्या बातम्यांत पाल असते असं वाटावं, इतकी ती लोकप्रिय आहे. घरातली पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, पण तो उकळत्या खिचडीत मरतो. शिजल्यावर पाल पडली तरी जंतूंना वाढायला वेळ लागतो आणि पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण १२ ते ३६ तास. त्यामुळे मेलेली पाल दिसल्यावर पंधरा मिनिटांत शंभर मुलांना मळमळ सुरू झाली, तर ती भीतीने झाली असण्याची शक्यता जास्त. आणि मुलं खरोखरच वांत्या-जुलाबाने आजारी असतील तर कारण बहुधा दुसरंच आहे. पाल सापडली तर ती बरणीत ठेवा, नोंद करा आणि ती सापडलीच नसती असं समजून पुढचा तपास करा.

भीतीची साथ खरी असते, मुलं नाटक करत नसतात. ती ओळखायच्या खुणा अशा: एकीला पाहून दुसरीला होतं, जोरजोरात श्वास, हातापायांना मुंग्या, चक्कर, पोटात दुखतं पण उलटी-जुलाब फारच थोड्यांना, न जेवलेलेही आजारी, आणि वेगळ्या खोलीत शांत बसवल्यावर तासाभरात बरं वाटतं. तरी हा निष्कर्ष नमुने घेऊन झाल्यावर काढायचा. पहिल्या तासात 'काही नाही, घाबरलेत' म्हणणारा अधिकारी नंतर अडचणीत येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे घाबरलेल्या ऐंशी मुलांत खरी आजारी पाच मुलं झाकली जातात.

त्या दिवशी शाळेत आणखी काय झालं तेही विचारा. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटल्या होत्या का? रिकाम्या पोटी त्यांनी मळमळतं. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी होती का? मधल्या सुट्टीत गाडीवरची कुल्फी, बोरं, कोणाच्या वाढदिवसाचा केक? कुंपणाला मोगली एरंड आहे का? त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, मुलं वाटून खातात आणि थोड्याच वेळात वांत्या सुरू होतात. अशा वेळी आजारी मुलं एका टोळक्यातली निघतात, अख्ख्या पंगतीतली नव्हे. कुंपणाखाली फोडलेली टरफलं शोधा.

कोणाला 'आजारी' म्हणायचं

मोजायच्या आधी व्याख्या ठरवा, नाहीतर तीन कर्मचारी तीन वेगळे आकडे आणतील. व्याख्येत माणूस, जागा, काळ आणि लक्षणं येतात. उदाहरणार्थ: 'अमुक शाळेतील विद्यार्थी, शिक्षक, स्वयंपाकी किंवा मदतनीस, ज्यांना तारीख अमुक दुपारी १२ पासून पुढील ७२ तासांत किमान एक उलटी किंवा २४ तासांत तीन वा अधिक पातळ जुलाब झाले.' व्याख्येत 'ज्याने खिचडी खाल्ली' असं कधीही घालू नका. तेच तर शोधायचंय. नुसती मळमळ आणि डोकेदुखी असलेल्यांची वेगळी यादी ठेवा.

मग लाइन लिस्ट. एका मुलाची एक ओळ: वय, लिंग, वर्ग, गाव किंवा वाडी, जेवणाची वेळ, पहिलं लक्षण कोणतं व किती वाजता, उलटी, जुलाब, रक्त, ताप, दाखल केलं का, नमुना घेतला का, आणि पुढे प्रत्येक पदार्थासाठी एक रकाना. वेळ १४:२० अशी लिहा. 'दुपारी' हा शब्द इथे निरुपयोगी आहे. नावांची यादी कुलपात ठेवा. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तर दुसऱ्या दिवशी पालक माहिती द्यायचे थांबतात.

मुलांना विचारण्याची रीत वेगळी. घोळक्यात विचारलं की पहिल्याचं उत्तर सगळ्यांचं उत्तर होतं. एकेकाला बाजूला घ्या, शिक्षक आणि स्वयंपाकी समोर नकोत. 'खिचडीला वास येत होता का?' असं सुचवू नका. 'सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंस ते सांग,' म्हणा. पहिली-दुसरीच्या मुलांना घड्याळ कळत नाही, म्हणून 'गणिताच्या तासाला की घंटा झाल्यावर?' असं विचारून वेळ बसवा. साध्या शाळेत आदल्या दिवसाचंही खाणं विचारा. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मागच्या ७२ तासांची सगळी जेवणं घ्यावी लागतात, कारण तिथे कालची रात्रही गुन्हेगार असू शकते.

आणि हे राहून गेलं तर बाकीचं बहुतेक वाया: बऱ्या राहिलेल्या मुलांनाही हेच सगळे प्रश्न विचारा. शाळा दोनशेपर्यंत असेल तर सगळ्यांना.

घड्याळ काय सांगतं

जेवण ते पहिलं लक्षण हा प्रत्येकाचा कालावधी काढा, सगळे क्रमाने लावा आणि बरोबर मधला घ्या. सरासरी नको, एखादं उशिराचं मूल ती ओढून नेतं. मग चौकटीच्या कागदावर आलेख काढा: आडवी वेळ, उभी मुलांची संख्या. बहुतेकांना सहा तासांच्या आत त्रास झाला असेल तर अर्ध्या तासाचा एक रकाना, एक-दोन दिवस लागले असतील तर चार-सहा तासांचा.

काही मिनिटं ते तासभर, तोंडाला धातूची चव आणि उलट्या: रसायन किंवा भांडं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, कढी किंवा आमसुलाचं सार ठेवलं की तांबं उतरतं.

एक ते सहा तास, उलट्या जोरात, ताप नाही: स्टॅफिलोकॉकसचं विष किंवा बॅसिलस सेरियसचा उलटीचा प्रकार. पहिल्यात बहुधा दूध, खवा, पेढा, बासुंदी आणि कोणाच्या तरी हातावरची पिकलेली जखम. दुसऱ्यात बहुधा शिळा भात. दोन्ही विषं पुन्हा उकळून जात नाहीत. म्हणूनच रात्रीचा भात सकाळी कडकडीत फोडणीला टाकला तरी मुलं आजारी पडतात आणि स्वयंपाकीण शपथेवर सांगते की तिने गरमच वाढला. ती खरं बोलत असते. या विषांना चव आणि वास नसतो, त्यामुळे वाढण्याआधी चव घेतल्याची नोंद असली तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

साधारण सहा ते चोवीस तास, पोटात मुरडा आणि जुलाब, उलट्या कमी, ताप जवळजवळ नाही: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स किंवा बॅसिलस सेरियसचा जुलाबाचा प्रकार. मोठ्या डेगेत लवकर शिजवून झाकून ठेवलेली डाळ, उसळ किंवा रस्सा इथे संशयित. पन्नास लिटरच्या पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि वाचलेले बीजाणू (जंतूंचं उकळूनही टिकणारं रूप) तिथेच वाढतात.

बारा तासांनंतर, तापासह: साल्मोनेला. रक्त-आव आणि ताप, एक ते तीन दिवसांनी: शिगेला. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उलट्या, मग घरातल्या भावंडांनाही: नोरोव्हायरस. आलेखाला एकच टोक असेल तर एकच जेवण. पण रोज थोडी थोडी मुलं येत राहिली आणि शाळेत न जाणारेही आजारी असले, तर जेवण सोडा आणि पाइपलाइन कुठे फुटलीय ते बघा.

कोणत्या पदार्थाने

समजा शाळेत स्नेहभोजन होतं आणि १६० मुलांना विचारलं. ६४ आजारी.

मसालेभात खाल्लेले १४८, त्यांत आजारी ६०, म्हणजे ४१ टक्के. न खाल्लेले १२, आजारी ४, म्हणजे ३३ टक्के.
मटकीची उसळ खाल्लेले १००, आजारी ४१, म्हणजे ४१ टक्के. न खाल्लेले ६०, आजारी २३, म्हणजे ३८ टक्के.
बासुंदी खाल्लेले ११०, आजारी ६१, म्हणजे ५५ टक्के. न खाल्लेले ५०, आजारी ३, म्हणजे ६ टक्के.

खाणाऱ्यांच्या टक्क्याला न खाणाऱ्यांच्या टक्क्याने भागा. मसालेभात १.२, मटकी १.१, बासुंदी ९.२. उत्तर समोर आहे. आता फक्त आजारी मुलांना विचारलं असतं तर काय दिसलं असतं? ६४ पैकी ६० जणांनी मसालेभात खाल्ला आणि ६१ जणांनी बासुंदी. दोघांत काहीच फरक नाही, आणि आरोप भातावर गेला असता. न खाता आजारी पडलेले ते तिघे सापडले म्हणून गोंधळू नका. शेजाऱ्याच्या वाटीत बोट घालून चाटणं मुलांच्या लेखी 'खाणं' नसतं.

रोजच्या खिचडीच्या दिवशी पंचाईत वेगळी: सगळ्यांनीच तेच खाल्लेलं असतं, न खाल्लेला गट हाती लागत नाही. तो शोधावा लागतो. संकष्टीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास असलेली मुलं, घरचा डबा आणणारी, अंड्याऐवजी केळं घेतलेली. तरीही गट पुरेसा होत नसेल तर प्रमाण विचारा: एकदा घेतलेल्यांत किती आजारी, दोनदा घेतलेल्यांत किती? पातेली दोन असतील तर कोणत्या वर्गाला कोणत्या पातेल्यातून? पहिली पंगत आणि शेवटची पंगत यांत फरक? बाटलीतलं पाणी पिणारे आणि शाळेच्या नळाचं पिणारे? याच लॉटचा तांदूळ, तेल, तिखट दुसऱ्या शाळेतही आलं असेल आणि तिथे सगळे ठणठणीत असतील, तर दोष कच्च्या मालात नसून शिजवण्यात किंवा ठेवण्यात आहे.

नमुने

शौचाचे नमुने पाच ते दहा आजारी मुलांकडून, प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी. रुग्णालयात आधी सलाईनसोबत अँटिबायोटिक जातं आणि मग नमुना घेतला जातो. असा नमुना बहुधा कोराच निघतो. ताजं शौच मिळालं तर उत्तम, नाहीतर गुदस्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात (जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या नळीत) तळापर्यंत खोचून, काडीचा वरचा भाग मोडून झाकण घट्ट लावा. विषाणूंसाठी वेगळ्या कोऱ्या डबीत, माध्यमाशिवाय. उलटीही निर्जंतुक डबीत घ्या, कारण स्टॅफिलोकॉकसच्या आणि विषाच्या संशयात ती शौचापेक्षा जास्त बोलते. कीटकनाशकाची शंका असेल तर कोलिनइस्टरेजसाठी (या विषाने रक्तात घटणारं विकर) रक्त. स्वयंपाकी-मदतनीसांच्या हातावरच्या जखमांचे, नाकाचे स्वॅब आणि शौच त्यांना समजावून घ्या. दरडावून घेतल्यावर ते दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत, आणि सकाळचा घटनाक्रम फक्त त्यांनाच ठाऊक असतो.

अन्न प्रत्येक पदार्थाचं २००-२५० ग्रॅम, पदार्थागणिक वेगळा उकळलेला चमचा, निर्जंतुक डबा. पातेलं रिकामं असेल तर तळाची खरवड, मुलांच्या डब्यातलं उरलेलं, कचऱ्यातलं, आणि कच्चे तांदूळ, डाळ, तेल, मसाला. नमुने बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांवर न्या. गोठवू मात्र नका, परफ्रिंजन्स गोठवल्याने मरतो. जिवाणू तपासणीच्या नमुन्यात फॉर्मॅलीन अजिबात नको. रासायनिक तपासणीच्या काही नमुन्यांत ते घालायची पद्धत आहे, आणि घाईत दोन्ही बाटल्यांत पडतं.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा नमुना हा वेगळा, कायद्याचा नमुना आहे. तो चार भागांत सीलबंद होतो आणि विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो. त्याच्या भरवशावर आरोग्य विभागाने स्वतःचा नमुना घ्यायचा टाळू नये. विषाचा संशय असलेला माल पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. चिठ्ठीवर 'विषबाधा तपासणी' एवढंच लिहिलं तर प्रयोगशाळा नेमकं काय शोधणार? लक्षणं, मधला कालावधी आणि तुमचा संशय लिहा.

पाण्यासाठी आधी नळावरच ओटी (पाण्यातला क्लोरीन मोजणारी) चाचणी: उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. मग थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत नमुना. थायोसल्फेट नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेतच जंतू मारतो आणि पाणी खोटंच शुद्ध ठरतं.

स्वयंपाकघरातली त्या दिवशीची सकाळ

पाहणी म्हणजे जळमटं मोजणं नव्हे. त्या दिवशीचा प्रवास मिनिटागणिक बसवा: मटकी कधी भिजवली, कोणत्या पाण्यात, मोड आल्यावर कुठे ठेवली, गॅस किती वाजता बंद झाला, झाकण लावलं का, वाढप कधी सुरू झालं. शिजणं आणि वाढणं यांत किती तास गेले आणि तेवढा वेळ अन्न ६० अंशांच्या वर होतं का, या प्रश्नावर निम्मी प्रकरणं उलगडतात. शक्य असेल तर दोन दिवसांनी तेवढ्याच मापाची खिचडी त्याच पातेल्यात शिजवायला सांगा आणि दर अर्ध्या तासाने मधोमध थर्मामीटर खुपसा. कागदावर 'गरम वाढले' लिहिलेलं असतं, थर्मामीटर ४५ दाखवतो.

धान्याच्या खोलीत सल्फासच्या (धान्यातली कीड मारायच्या विषारी) गोळ्या, पोत्यांशेजारी फवारणीचा डबा, जुन्या कीटकनाशकाच्या कॅनमध्ये तेल किंवा फिनेल: फोटो काढा, हात लावू नका.

अहवाल वाचताना

संशयित पदार्थात दर ग्रॅमला एक लाखाहून जास्त स्टॅफिलोकॉकस, बॅसिलस सेरियस किंवा परफ्रिंजन्स असतील आणि लक्षणं-वेळ जुळत असतील, तर कारण निश्चित मानता येतं. थोडे बॅसिलस सेरियस कुठल्याही भातात सापडतात, त्यावरून कोणाला दोषी धरू नका. साल्मोनेला दोन किंवा अधिक आजारी मुलांत एकाच प्रकारचा हवा. मटकीत ई. कोलाय सापडला म्हणजे स्वच्छता कमी होती एवढंच कळतं, साथीचं कारण नव्हे. आणि अहवाल कोरा असला तरी बासुंदीचा ९.२ खोटा ठरत नाही. शेवटच्या अहवालात 'निश्चित' आणि 'संभाव्य' हे शब्द जपून वापरा.

उष्मायनकाळाच्या (जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाच्या) दुप्पट वेळात नवा रुग्ण आला नाही की साथ संपली म्हणा. स्वयंपाकघर उघडण्याआधी ज्याने घोटाळा केला तेवढं दुरुस्त झालेलं पाहिजे: शिजवण्याची वेळ वाढपाच्या वेळेजवळ आणणं, मोठ्या पातेल्याऐवजी दोन लहान, जखम असलेल्याला सुट्टी (पगारी, नाहीतर तो जखम लपवेल).

रोजचा नमुना राखून ठेवण्याचंही तेव्हाच मार्गी लावा. उकळत्या पाण्यातून काढलेला झाकणाचा स्टीलचा डबा, प्रत्येक पदार्थ पाव किलो, वाढप सुरू होताना काढलेला, झाकणावर तारीख आणि वेळ, फ्रीजमध्ये किमान २४ तास. शाळेत फ्रीज नसेल तर डबा तरीही ठेवा, पण नमुन्यासोबतच्या फॉर्मवर 'खोलीच्या तापमानाला अमुक तास' असं स्पष्ट लिहा. त्यातली जिवाणूंची संख्या मग ग्राह्य धरता येत नाही, कीटकनाशकाची आणि जड धातूंची तपासणी मात्र चालते.